समोरच्याची भूमिका

१९४२च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते मुंबईत पकडले गेले आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. नेहरूंनी इथेच १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. मौलाना आझाद एका मित्राला पत्रे लिहीत राहिले. ती टपालात टाकायची सोय नव्हती, तरी मजकूर त्या एका वाचकाकडे तोंड करूनच लिहिलेला आहे. ‘गुबार-ए-खातिर’ म्हणजे हीच पत्रे. १९४५च्या जूनमध्ये सुटका झाली आणि आझाद काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून लगोलग सिमल्याच्या परिषदेला गेले.

ती सिमला परिषद अमेरिकेतल्या कॉलेजांच्या वर्गांत पुन्हा पुन्हा भरते. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक मार्क कार्न्स यांनी १९९०च्या दशकात ‘रिॲक्टिंग टू द पास्ट’ नावाची शिकवण्याची पद्धत घडवली. तिच्यातला एक पाठ एन्स्ली एम्ब्री आणि कार्न्स यांनी मिळून लिहिला आहे. त्याचा विषय १९४५चा, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा हिंदुस्थान. वर्गातल्या प्रत्येकाला काँग्रेस, मुस्लीम लीग किंवा आणखी एखाद्या गटातली भूमिका मिळते. मूळ कागदपत्रे वाचायची, आपल्या भूमिकेच्या बाजूने लेख लिहायचा, उभे राहून बोलायचे, समोरच्याचे म्हणणे खोडायचे, काठावरच्यांची मते वळवायची. इतिहासात जो निकाल लागला तोच वर्गात लागला पाहिजे असे बंधन नाही. प्राध्यापक मागे बसून ऐकतात, टिपणे घेतात आणि अडले तिथे चिठ्ठी पाठवतात.

नगरच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर हजारो मुलेमुली कॉलेजात शिकतात. त्यांच्या वाट्याला हे प्रकरण बहुधा ‘टिपा लिहा’ या प्रश्नातून येते. आझादांची बाजू काय होती हे ती मुले लिहू शकतात, परंतु जिनांनी उभे राहून अडचणीचा प्रश्न विचारला तर आझाद काय म्हणतील, हे त्यांना कोणी विचारलेले नसते. युक्तिवादाचे लेखन आणि सभेतले बोलणे नाटकाच्या मदतीने शिकवायचे, हा या पुस्तिकेचा विषय याच रिकाम्या जागेतून निघाला आहे. मुलांना मते नाहीत असे नाही, मते भरपूर आहेत. त्यांना नसतो तो समोरचा माणूस. तो उभा करण्याचे सर्वांत जुने आणि स्वस्त साधन म्हणजे नाटक.

आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला उठता येत नसे. प्रतिपक्षाचे म्हणणे इतके नीट मांडायचे की त्यालाही ते आपलेच वाटावे, आणि मगच उत्तर द्यायचे. ही शिस्त पोथ्यांपुरती राहिली नाही. नगर जिल्ह्यापुरते पाहिले तरी तिच्या खुणा जागोजाग सापडतात.

नेवाशाचेच उदाहरण घ्या. परंपरेप्रमाणे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका तिथे सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्ञानेश्वरी आधी बोलली गेली आणि मग लिहिली गेली, ही गोष्ट वक्तृत्व शिकवणाऱ्याने विसरू नये. तिची रचनाही पाहण्यासारखी आहे. कृष्ण अर्जुनाशी बोलतो, ते संजय धृतराष्ट्राला सांगतो आणि ज्ञानेश्वर ते सगळे निवृत्तिनाथांपुढे, श्रोत्यांपुढे मांडतात. संवादाच्या आत संवाद, त्याच्या आत आणखी एक. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन तक्रार करतो की ज्ञान श्रेष्ठ म्हणता, तर मग मला या घोर कर्मात का ढकलता? मूळ गीतेत ही तक्रार दोन श्लोकांची. ज्ञानेश्वर ती ऐसपैस फुलवतात, अर्जुनाला रुसू देतात, लाडिकपणे भांडू देतात. शंका दुबळी ठेवली तर समाधानही दुबळेच होणार, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

कीर्तनाचा घाट म्हणजे तर युक्तिवादाचा आराखडाच. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन सिद्धान्त मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावून तो पटवतात. विधान आधी, दाखला मागून. आख्यानातली सगळी पात्रे बुवा एकटेच उभी करतात. राजा बोलला की मान ताठ, दासी बोलली की आवाज खाली, आणि लगेच श्रोत्यांकडे वळून स्वतःच्या आवाजात प्रश्न. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांनी अहिल्याबाई होळकरांच्या बोलण्यावरून डफ फोडला आणि ते कीर्तनाकडे वळले, अशी कथा सांगतात. कथेत इतिहास किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. फडावरचा माणूस कीर्तनात उभा राहू शकतो, कारण दोन्हीकडे लागणारी तयारी एकच आहे, एवढे त्या कथेने गृहीत धरले आहे. फंदींच्या नावाने संगमनेरला व्याख्यानमाला चालते, हेही या दृष्टीने योग्यच.

कलगी-तुऱ्याच्या फडात तर वादाशिवाय दुसरे काही नसते. तुरेवाले शिवाची बाजू घेणार, कलगीवाले शक्तीची. एका फडाने कवनात कूट सवाल टाकायचा, दुसऱ्याने कवनातच जबाब द्यायचा, आणि जबाब सुचला नाही की हार. तिथे हजरजबाबीपणाला पाठांतराची जोड लागे. पुराणे, व्याकरण, गणित यांचा साठा डोक्यात असल्याशिवाय रात्रभर टिकून राहता येत नसे. आजच्या उत्स्फूर्त भाषणाच्या स्पर्धांत नेमका हाच साठा कमी पडतो.

नाटक हे युक्तिवादाचे हत्यार म्हणून मराठीत जाणीवपूर्वक पहिल्यांदा उचलले ते जोतीराव फुल्यांनी. ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी १८५५मध्ये लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले आणि ते छापून वाचकांसमोर यायला १९७९ उजाडले. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून तिला आणि तिच्या नवऱ्याला कर्जात लोटणारा जोशी, त्यांच्याशी बोलणारा पाद्री, आणि मध्येमध्ये थांबवून भाष्य करणारा विदूषक. शेवटी नवराबायको शिकायचे ठरवतात. हा विदूषक फार महत्त्वाचा आहे, कारण तो प्रेक्षकांना कथेत वाहून जाऊ देत नाही आणि प्रत्येक फसवणुकीपाशी ‘हे कशावरून?’ असे विचारायला लावतो. पुढे १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ लिहितानाही फुल्यांनी जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद हीच रीत ठेवली. ‘शेतकऱ्याचा असूड’चे सलग, आकडे आणि पुरावे देणारे गद्य त्यानंतरचे. आधी नाटक, मग संवाद, मग निबंध हा क्रम शिक्षकांनी ध्यानात घ्यावा. पुढचे पाठ त्याच क्रमाने रचले आहेत.

फुल्यांच्या या प्रकरणात नगरचाही धागा आहे. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या प्रशिक्षणाशी नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधल्या सिंथिया फरार यांचे नाव जोडले जाते. याच मिशनने १८४२मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केला. धर्म आणि समाज यांवरचे वाद मराठी छापील गद्यात कसे घालावेत, याची सुरुवातीची शाळा अशा नियतकालिकांतूनच भरली.

आगरकरांचेही असेच. ‘सुधारक’ १८८८मध्ये निघाला. त्यातले निबंध वाचताना जाणवते की विरोधकाचा आक्षेप हा माणूस स्वतःहून समोर आणतो, त्याला पुरेशी जागा देतो आणि मग उत्तराला हात घालतो. त्याच्या पाच वर्षे आधी, १८८३मध्ये त्यांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले होते. स्वतःशीच वाद घालणाऱ्या राजपुत्राची भाषा मराठीत आणायला ज्याने कष्ट घेतले, त्याच्या निबंधात दुसरा आवाज ऐकू यावा हा योगायोग वाटत नाही.

आता कॉलेजांकडे वळू. विद्यापीठांच्या युवक महोत्सवात एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य, नकला हे प्रकार रंगमंचीय विभागात आणि वक्तृत्व, वादविवाद साहित्य विभागात येतात. एकांकिकेला अर्धा तास, वक्तृत्वाला पाच मिनिटे. वादविवादाला दोघांचा संघ, एक बाजूने आणि एक विरुद्ध. विभाग वेगळे, परीक्षक वेगळे, तालमीच्या खोल्याही वेगळ्या. वक्तृत्वाचा विषय आधी कळतो, भाषण लिहून पाठ होते आणि कोणी काही विचारत नाही. बऱ्याच वादविवादांतही वक्ता आधीच्या वक्त्याला उत्तर न देता घरून आणलेलेच म्हणून खाली बसतो. तिकडे एकांकिकेच्या तालमीत हेच वय, हीच मुले एका वाक्यावर तासभर अडून बसतात. तो असे का म्हणतो, मागच्या प्रवेशात त्याने उलट सांगितले होते ना, मग त्याचे खरे काय? पुरावा तपासण्याची ही सवय परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपर्यंत पोहोचत नाही, कारण ती नाटकाची गोष्ट समजली जाते.

आणि नाटकाची हौस नगरला कमी नाही. राज्य हौशी नाट्य स्पर्धेचे प्राथमिक केंद्र इथे असते. इथल्या महाकरंडकासाठी राज्यभरातून एकांकिका येतात. पुण्याला पुरुषोत्तम करंडक १९६३पासून आणि फिरोदिया करंडक १९७४पासून चालू आहे. त्यातल्या दुसऱ्याला ज्या घराण्याचे नाव आहे ते मूळ नगरचे, आणि त्याच घराण्यातले कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. वाद ऐकून घेणे आणि तो शिस्तीत ठेवणे हे त्यांचे कामच होते.

नगरच्या रंगभूमीवर घडलेला एक माणूस इथे आठवलाच पाहिजे. सदाशिव अमरापूरकर १९५० साली नगरला जन्मले. ‘अर्धसत्य’मधल्या रामा शेट्टीमुळे देशभर ओळखले गेले ते १९८३मध्ये, आणि त्याच वर्षी त्यांनी दिग्दर्शित केलेले विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ रंगमंचावर आले. नाथ देवळालीकर हा समाजवादी पुढारी, त्याची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवलेशी लग्न करते आणि मारहाण सोसते. नाटकाच्या उत्तरार्धात अरुणच्या आत्मकथेच्या कौतुकाचे भाषण करायची पाळी नाथवर येते. भाषण होते, टाळ्याही मिळतात. पण ज्योती ते भाषण ऐकते आणि बापाला त्यातल्या खोटेपणाचा जाब विचारते. सार्वजनिक बोलण्यात शब्द कुठे पोकळ होतो, हे समजावायला यापेक्षा नेमका प्रसंग मराठीत क्वचित सापडेल. वर्गात एकाने नाथचे भाषण स्वतःच्या शब्दांत करावे, दुसरीने ज्योती होऊन त्यातले प्रत्येक विधान उलटे तपासावे. आणि मग तिसरा प्रश्न उरतो. दलित नायकाला हिंसक दाखवून हे नाटक त्याच्यावर आणि त्याच्या समाजावर अन्याय करते का? ‘कन्यादान’वर हा आक्षेप तेव्हापासून घेतला गेला आहे. त्यावर हजार शब्दांचा निबंध लिहायला सांगितला तर दोन्ही बाजू माहीत असलेली मुले लिहायला बसतात आणि कागद कोरा राहत नाही.

कोर्ट हा तर मराठी नाटकाचा आवडता रंगमंच. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये (१९६२) निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे स्वतःचा खटला स्वतः चालवतो, साक्षीदारांची उलटतपासणी घेतो आणि प्रेक्षकांना हसवतो. मुलांनी हे नाटक वाचून फक्त एक यादी करावी, की लखोबाचे कोणते वाक्य पुरावा आहे आणि कोणते नुसते लाघव. यादी करताकरता त्यांच्या लक्षात येते की ज्याच्या बोलण्यावर आपण खूश होतो तोच माणूस कित्येक बायकांना फसवून बसला आहे. वक्तृत्वाचे गुण शिकवताना वक्तृत्वापासून सावध राहायलाही शिकवावे लागते. ज्युलियस सीझरच्या प्रेतापुढचे ब्रूटस आणि अँटनीचे भाषण जगभर त्यासाठीच वाचतात. आपल्याकडे लखोबा घरचाच आहे.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मात्र सावकाश आणि जपून हाताळायचे नाटक आहे. १९६७मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते केले, लीला बेणारे झाल्या सुलभा देशपांडे. एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलेली मंडळी वेळ घालवायला लुटुपुटीचा खटला उभा करतात, बेणारेबाईंना आरोपी करतात, आणि बघता बघता खेळ संपून तिचे खरे आयुष्य पिंजऱ्यात उभे राहते. शेवटी तिला बचावाला दहा सेकंद दिले जातात. ती जे बोलते ते प्रेक्षक ऐकतात, रंगमंचावरचे कोणीच ऐकत नाही. अभिरूप न्यायालय हे वर्गात वापरायचे उत्तम साधन आहे, म्हणूनच या नाटकातला धोका शिक्षकाने आधी समजून घ्यायला हवा. भूमिका म्हणजे आडोसा. तो आडोसा सुटला की वर्गातल्या मुलीच्या जातीवर, घरावर, दिसण्यावर वाद घसरतो. एक नियम म्हणून कोणालाही स्वतःच्या आयुष्याच्या अगदी जवळची भूमिका देऊ नये, आणि वाद संपल्यावर नाव घेऊन भूमिका उतरवावी. ‘आता तू आरोपी नाहीस’ एवढे मोठ्याने म्हणायला अर्धे मिनिट लागते.

याच कारणाने नाटकातून शिकवण्यावरचा एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. न पटणारी बाजू मांडायला लावणे म्हणजे खोटे बोलायला शिकवणे, असे काही अनुभवी प्राध्यापकांना वाटते. शंका रास्त आहे. तिच्यावर उतारा म्हणून या पद्धतीत प्रत्येक पाठ लेखनाने संपतो, आणि शेवटचा लेख स्वतःच्या नावाने लिहायचा असतो. भूमिकेत असताना काय म्हणालो, समोरच्याने कशात अडवले, आता माझे मत काय आणि ते कशामुळे टिकले किंवा बदलले. नट घरी जाताना रंग पुसतो, तसा हा लेख. तो झाल्याशिवाय नाटकाचा पाठ अर्धाच राहतो.

विषय कुठून आणायचे, ही नगर जिल्ह्यात अडचण नाही. इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला तो पाण्यावरून. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६चे, साठा सुमारे अकरा टीएमसी (अब्ज घनफूट). त्याच्या खाली निळवंडे, त्याची कल्पना १९७०मधली आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३मध्ये. राहुरीजवळ मुळा धरण, साठा सुमारे सव्वीस टीएमसी. या सगळ्यांच्या खाली पैठणचे जायकवाडी, उपयुक्त साठा सुमारे शहात्तर टीएमसी. छत्रपती संभाजीनगर शहराचे पिण्याचे पाणी, उद्योग आणि मराठवाड्याची शेती त्यावर. राज्याचा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा २००५चा. त्या प्राधिकरणाने २०१४मध्ये सूत्र घालून दिले की खरिपाचा वापर धरून ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत पासष्ट टक्के साठा नसेल, तर नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. पाऊस कमी झाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हा वाद रस्त्यावर, वर्तमानपत्रांत आणि न्यायालयात एकदमच सुरू होतो.

हीच सुनावणी वर्गात घ्यावी. मुळेच्या उजव्या कालव्यावरचा ऊस-उत्पादक, निळवंड्याच्या पाण्याची वर्षानुवर्षे वाट पाहिलेला कोरडवाहू शेतकरी, साखर कारखान्याचा संचालक, पैठणच्या बाजूचा मोसंबीवाला, संभाजीनगरच्या नळाला आठवड्यातून कधीतरी पाणी येणारी गृहिणी, पाटबंधारे खात्याचा अभियंता, धरणात जमीन गेलेला अकोले तालुक्यातला आदिवासी कुटुंबप्रमुख, आणि निकाल देणारे तिघे. नेपथ्य नको, प्रकाशयोजना नको, दोन बाके समोरासमोर लावली की पुरे.

पहिल्या तासाला कोणीच भूमिकेत बोलत नाही. प्रत्येकाने आपल्या विरोधकाच्या बाजूने एक पान लिहायचे. ते पान विरोधकाने वाचून ‘हो, माझे म्हणणे हेच’ अशी सही केली तरच पुढे जायचे. सही सहजासहजी मिळत नाही आणि तिथेच निम्मे शिक्षण होते. राहुरीच्या मुलाला पैठणच्या शेतकऱ्याची गरज टीएमसीत सांगावी लागते. ‘आमचे पाणी’ हा शब्द लिहिताना ते ‘आमचे’ कशावरून, हे विचारायला समोर माणूस बसलेला असतो. कालव्यातली गळती किती, उसाला पाळ्या किती, नदीतून सोडलेले पाणी वाटेत किती मुरते, हे प्रश्न मग मुले स्वतःहून अभियंत्याच्या भूमिकेतल्या मैत्रिणीकडे घेऊन जातात, आणि ती बिचारी वाचनालयात.

सुनावणीच्या वेळी भाषणे तीन मिनिटांची. बोलून झाल्यावर लगेच प्रश्न. कागद बघायला परवानगी आहे, वाचून दाखवायला नाही. श्वास कुठे घ्यायचा, आवाज शेवटच्या बाकापर्यंत कसा न्यायचा, नजर कुठे ठेवायची, ही तालमीतली तंत्रे इथे आपोआप कामाला येतात. पण सर्वांत मोठे तंत्र ऐकण्याचे. नाटकात दुसऱ्याचे वाक्य संपायच्या आत आपले सुरू केले तर संकेत चुकतो. सुनावणीतही तेच, फरक इतकाच की इथे दुसऱ्याचे वाक्य आधी माहीत नसते.

शेजारी हिवरे बाजार आहे, हे नगर तालुक्यातल्या कॉलेजांचे भाग्य. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने या गावाने पावसाचे मोजमाप करून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत रुजवली. यंदा पाऊस इतका, म्हणून पिके इतकी. उसासारखे जास्त पाणी पिणारे पीक नको आणि शेतीसाठी कूपनलिका नकोत, हे निर्णय लोकांनी सभेत घेऊन पाळले. ज्याचे नुकसान होणार आहे त्याच्यासमोर उभे राहून आकडा सांगायचा आणि तरी त्याची संमती मिळवायची, यापेक्षा अवघड वक्तृत्व कोणते? अशी एक ग्रामसभा पाहून आलेल्या मुलांना ‘श्रोत्यांचा विचार करा’ असे वेगळे सांगावे लागत नाही.

भाषेचा मुद्दा राहिला आणि तो जिव्हाळ्याचा आहे. जामखेड, पाथर्डी, अकोले या तालुक्यांतून येणारी मुले वक्तृत्वाच्या माइकपुढे स्वतःची बोली गिळून बोलतात. पाथर्डीकडच्या कित्येकांचे आईवडील ऊसतोडीला जातात. त्या मुलांकडे सांगायला जे आहे ते प्रमाण मराठीच्या भीतीने घशातच राहते. नाटकाच्या वर्गात ऊसतोड कामगाराची भूमिका ऊसतोड कामगाराच्या भाषेतच बोलली जाते आणि तिथे ती भाषा चूक ठरत नाही. एकदा म्हणणे मोकळे झाले की तेच प्रमाण भाषेत लिहिणे हे शिकण्यासारखे कौशल्य उरते, अपमान उरत नाही. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्‌स कॉलेजात संज्ञापन शिकले आणि ‘पिस्तुल्या’ हा लघुपट त्याच काळातला. शाळेत जाऊ पाहणाऱ्या मुलाची बाजू त्यात त्याच्याच बोलीत आहे, आणि त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ही तसाच, धनगराच्या भाषेत बोलणारा.

वर्गाबाहेर, गावातही असा वाद उभा करता येतो. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी प्रेक्षकाला नाटक थांबवून रंगमंचावर येण्याचा अधिकार दिला. अन्याय घडत असताना कोणीही ‘थांबा’ म्हणावे, पात्राच्या जागी उभे राहावे आणि वेगळे वागून दाखवावे. बंगालमध्ये १९८५मध्ये सुरू झालेली ‘जन संस्कृती’ ही संस्था गावोगाव हे करते आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतली आपली पथनाट्ये बहुधा घोषणा देऊन संपतात. त्यांच्या शेवटी दहा मिनिटे अशी ‘थांबा’ची ठेवली तर हुंडा किंवा व्यसनमुक्ती यांवरचे तेच पथनाट्य गावकऱ्यांशी खरा वाद सुरू करील. उत्तर द्यायला मुलांची तयारी मात्र हवी.

शंभर मुलांच्या वर्गात हे कसे जमायचे, असा प्रश्न प्राध्यापक विचारतील, आणि तो विचारलाच पाहिजे. बोलणाऱ्या भूमिका पंधरावीस, बाकीच्यांचे काय? ते वार्ताहर होतात, सुनावणीचा वृत्तान्त आणि अग्रलेख लिहितात. काही जण न्यायमंडळाचे कारकून होऊन प्रत्येक विधानापुढे पुरावा दिला की नाही, एवढेच नोंदवतात. पुढच्या पाठाला पाळी बदलते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून सहअभ्यासक्रमात सादरीकरणाच्या कलांना श्रेयांक मिळू लागले आहेत. ते गोळा करण्यासाठी वर्षाअखेरीला एक स्नेहसंमेलनी एकांकिका बसवण्यापेक्षा महिन्याला एक सुनावणी बसवणे कॉलेजला सोपे आहे आणि मुलांना जास्त लाभाचे. गुण देताना बोलण्याच्या झोकापेक्षा विरोधकाच्या पानावरची सही आणि शेवटचा लेख यांना अधिक वजन द्यावे. नाही तर मूळचे धीट असलेले तेवढेच पुढे जातील आणि लाजरे पुन्हा मागच्या बाकावर.

पुढचे पाठ मराठी, इतिहास, राज्यशास्त्र आणि कृषी या विषयांच्या शिक्षकांसाठी आहेत. सुरुवात कुठूनही करता येईल. पाण्याच्या सुनावणीपासून करायची असेल तर २००५चा कायदा, २०१४चा आदेश आणि चालू वर्षाचे धरणसाठ्यांचे तक्ते यांच्या प्रती आधी काढून ठेवाव्यात. नाट्यसंहितेपासून करायची असेल तर ‘तृतीय रत्न’ सर्वांत लहान आणि सर्वांत बोलके. दोन्ही ठिकाणी भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात. मात्र पाण्याच्या पाठात कोणाला स्वतःच्याच तालुक्याची चिठ्ठी आली, तर ती परत टाकून दुसरी उचलायला सांगावे.